अडथळा शर्यतीतील श्रेष्ठत्व कशावर ठरवावे: ऑलिम्पिक सुवर्ण की विक्रम?

जुळे सोलापूर: आपल्याकडे शालेय स्पर्धांचा हंगाम आला की क्रीडाशिक्षकांमध्ये हा वाद हमखास निघतो, म्हणून माझे मत येथे सविस्तर मांडतो. ११० मीटर अडथळा शर्यतीतील सर्वश्रेष्ठ धावपटू ठरवताना केवळ ऑलिम्पिक सुवर्णपदके मोजणे मला अन्यायाचे वाटते. १०६.७ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे आणि प्रत्येक दोघांमध्ये ९.१४ मीटर अंतर, म्हणजे जेमतेम तीन पावले. त्यातील एका पावलाची लय बिघडली, की चार वर्षांची मेहनत वाया जाते. कॉलिन जॅक्सनने १९९३ मध्ये स्टुटगार्टला नोंदवलेली १२.९१ सेकंदांची वेळ २००६ पर्यंत कोणालाही मागे टाकता आली नाही, तरीही त्याच्या नावावर ऑलिम्पिकचे केवळ एक रौप्यपदक आहे. रेनाल्डो नेहेमाया १९८१ मध्ये १३ सेकंदांच्या आत धावणारा पहिला माणूस ठरला. पण अमेरिकेने १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकल्यामुळे या अमेरिकी धावपटूला तिथे जाताच आले नाही. त्यात त्याचा काय दोष?

होटगी रोड: सर, बहिष्काराचा मुद्दा मान्य आहे, बाकीचा नाही. ठरलेल्या दिवशी दहाही अडथळे नीट पार करणे हीच तर या शर्यतीची खरी परीक्षा आहे, मग तिलाच नशीब कसे म्हणता येईल? ली कॅल्हूनने १९५६ मध्ये मेलबर्नला आणि १९६० मध्ये रोमला सुवर्णपदक मिळवले, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकाच्या धावपटूचीही तीच वेळ नोंदली गेल्याने निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला. अंतिम रेषेवर छाती नेमकी कधी झोकायची, हे चार वर्षांच्या अंतराने दोनदा साधणे हा योगायोग नव्हे. रॉजर किंगडमनेही १९८४ आणि १९८८ मध्ये लागोपाठ सुवर्ण जिंकले. हॅरिसन डिलार्डचे उदाहरण तर मला सर्वांत मोलाचे वाटते. सलग ८२ शर्यती जिंकलेला हा धावपटू १९४८च्या अमेरिकी निवड चाचणीत अडथळ्यांना धडकत गेला आणि शर्यत पूर्णही करू शकला नाही. त्या वर्षी तो लंडनला १०० मीटरमध्ये विजेता ठरला, पण तेवढ्यावर न थांबता १९५२ मध्ये हेलसिंकीला अडथळ्यांचेच सुवर्ण घेऊन आला.

जुळे सोलापूर: डिलार्डबद्दल मलाही नितांत आदर आहे, परंतु त्याच्या उदाहरणाने माझाच मुद्दा बळकट होतो, कारण १९४८ मध्ये तो चाचणीत अडखळला म्हणून त्या वर्षीचा श्रेष्ठ अडथळापटू दुसराच कोणी होता, असे आपण म्हणणार आहात का?

बाळीवेस: आपण दोघेही महिलांचा उल्लेखच करत नाही, याचे वाईट वाटते. महिलांची १०० मीटर अडथळा शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९७२ पासून आहे. त्यापूर्वी ती ८० मीटरची होती. योर्दांका दोंकोव्हाने १९८८ मध्ये १२.२१ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्याच वर्षी सोलचे सुवर्णही जिंकले, तेव्हा दोन्ही कसोट्यांना उतरणारी व्यक्ती असू शकते. तो विक्रम २०१६ मध्ये केनी हॅरिसनने मोडला, आणि तिला त्या वर्षी रिओसाठी अमेरिकेच्या संघात स्थान मिळाले नव्हते. गेल डेव्हर्स १९९२ मध्ये बार्सिलोनाला आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्याला पाय लागून कोलमडली आणि पाचवी आली. नंतर तिने या प्रकारात तीनदा जागतिक विजेतेपद मिळवले, पण त्यातील ऑलिम्पिक पदक कधीच नाही. तिला खालच्या पंक्तीत बसवायला माझे मन तयार होत नाही.

होटगी रोड: ताई, डेव्हर्सचे मोठेपण मी नाकारत नाही. मात्र मुरमाच्या मैदानावर मुलांना शिकवताना मी रोज पाहतो की, दमलेल्या मुलाचा मागचा पाय आठव्या-नवव्या अडथळ्यावर पुरेसा वर येत नाही आणि गुडघा फळीवर आपटतो. तो थकवा आणि त्या क्षणीचे भान हेही कौशल्यातच मोडते. म्हणूनच २००४ मध्ये अथेन्सला अंतिम फेरीतच १२.९१ची विश्वविक्रमाशी बरोबरी साधून सुवर्ण जिंकणाऱ्या लिऊ शियांगला मी जॅक्सनच्या वर ठेवतो, मग तो पुढे २००८ मध्ये दुखापतीने माघारी फिरला आणि २०१२ मध्ये पहिल्याच अडथळ्यावर पडला, तरीही.