पुंज, पुंजका की कण? धातूच्या नॅनोक्लस्टरला मराठी शब्द

पऱ्हाटी (पुसद): बीएस्सीच्या मराठी टिपणांत 'क्लस्टर'ला, म्हणजे मोजक्या अणूंच्या धातूच्या गोळ्याला, काय लिहावं? तसंच ठेवलं तर इकडच्या पोट्ट्यांना केंद्रशाळा अन् केंद्रप्रमुख आठवतात. 'नॅनोकण' लिहिलं तर बिघडते काय?

वर्धाकाठ: बिघडते ना भाऊ. कण म्हटलं की व्यास सांगतात, अन् शे-दोनशे अणू कमी-जास्त झाले तरी कोणी विचारत नाही. क्लस्टरमध्ये अणू मोजलेले असतात. धातूच्या कांडीवर लेझर मारून वाफ काढतात, ती हेलियमच्या झोतात थंड होऊन गोळा होते, आणि मग वस्तुमानावरून १२, १३, १४ अणूंचे वेगवेगळे ओळखता येतात. 'पुंजका' लिहा. नुसतं 'पुंज' नको. विश्वकोशात क्वांटम सिद्धांताला 'पुंज सिद्धांत' म्हटलंय, आणि या विषयात दोन्ही एकाच पानावर येतात.

लोणार: पुंजका मान्य. रचनेबद्दल लिहिताना 'स्फटिक', 'जालक' (अणूंची ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा येणारी मांडणी) टाळा. १३ अणूंची नेहमी दिली जाणारी ठेवण विंशतिफलक (वीस त्रिकोणी बाजूंची आकृती): मधे एक, भोवती बारा शिरोबिंदूंवर. तिची पाचपट सममिती (वर्तुळाच्या पाचव्या भागानं फिरवली तरी तशीच दिसणं) आवर्ती स्फटिकात बसतच नाही. शिवाय मधल्या अणूपासून शिरोबिंदूचं अंतर हे शेजारच्या दोन शिरोबिंदूंमधल्या अंतरापेक्षा सुमारे ५ टक्के कमी भरतं. म्हणून 'बंधलांबी' असा एकच आकडा देऊ नका. आतली की पृष्ठावरची, ते लिहा.

पऱ्हाटी: अन् 'मॅग्नेटिक मोमेंट'? हिंदी पुस्तकं वापरणारे इकडे 'आघूर्ण' म्हणतात.

वर्धाकाठ: 'चुंबकीय परिबल' घ्या, म्हणजे चुंबक किती जोराचा त्याचं माप. पण पोरांची गडबड तिथं होत नाही, 'एकूण' आणि 'प्रति अणू' गाळल्यानं होते. १३ लोह-अणूंच्या पुंजक्याचं परिबल गणनेत ४४ बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या परिबलाचं एकक) येतं, ते एकूण. प्रति अणू सुमारे ३.४. मोठ्या तुकड्यातल्या लोखंडाचं प्रति अणू २.२, कोबाल्टचं १.७, निकेलचं ०.६. शेजारच्या अणूंची संख्या कमी असली की इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे अरुंद होतात आणि परिबल वाढतं. १३ पैकी १२, ५५ पैकी ४२, १४७ पैकी ९२ अणू पृष्ठावरच असतात. ऱ्होडियम तर एरवी चुंबकीय नाही, पण त्याच्या छोट्या पुंजक्यांत १९९३ साली परिबल मोजलं गेलं.

लोणार: 'मोजलं' म्हणजे कसं, तेही टिपणात टाका. पुंजक्यांचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडतात. स्टर्न-गेरलाख प्रयोगात चांदीच्या अणूंचा झोत दुभंगला होता. हे पुंजके मात्र बहुधा सगळे एकाच बाजूला, तीव्र क्षेत्राकडे वळतात, अतिसमचुंबकीय (सुपरपॅरामॅग्नेटिक) असल्यासारखे. त्यामुळं परिबल काढायला तापमान लागतं, आणि चूक तिथंच शिरते. पुंजका झोताच्या थंड नळीत पुरेसा वेळ थांबला नाही तर तो नळीपेक्षा गरमच बाहेर पडतो. क्षीण क्षेत्रात परिबल तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात निघतं. तापमान २० टक्क्यांनी कमी धरलं तर परिबलही १०-११ टक्क्यांनी कमी येतं.

पऱ्हाटी: 'अतिसमचुंबकीय' पोट्ट्यांच्या जिभेवर बसन का?

लोणार: बसवा. 'अचुंबकीय' मात्र लिहू नका. पुंजक्याच्या आत सगळ्या अणूंची परिबलं एका दिशेनंच असतात, फक्त ती दिशा उष्णतेनं फिरत राहते.

वर्धाकाठ: गणना करणाऱ्यांसाठी एक ओळ जोडा: एकच सुरुवातीची ठेवण आणि एकच एकूण स्पिन (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या) घेऊन थांबू नये. विंशतिफलक, दशफलक, घनाष्टफलक, प्रत्येकी तीन-चार स्पिन. शेवटी कंपनं तपासा. काल्पनिक कंप्रता निघाली तर ती ठेवण स्थिर नाही.