एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये हवा कुठे भरता? (सांगली-मिरज)
मंडळी, मदत हवी आहे. मुलगी विश्रामबागला १० मीटर एअर रायफलचा सराव करते. सिलिंडर २०० बारचा (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप), १० वर्षांची मुदत अजून बाकी आहे. हातपंप मारून माझे खांदे भरून येतात, ते चालेल. पण पावसाळ्यात पंपाचा ब्लीड स्क्रू (नळीत उरलेली हवा सोडायचा) सैल केला की पाण्याचे थेंब उडतात. तेच आत जाऊन रायफलचा रेग्युलेटर (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) गंजला तर? पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जेमतेम ८-१० बार देतो, म्हणजे तो बाद. एकाने मिरजेतून ऑक्सिजन भरून आणायला सुचवलं. नको रे बाबा! ग्रीसशी गाठ पडली तर भडकाच.

सांगली-कोल्हापूर भागात ३०० बारचा स्कूबा सिलिंडर (पाणबुडे पाठीला लावतात तो) कोरड्या हवेने कोणी भरून देतं का, म्हणजे त्यातून रायफलचा भरता येईल? की फिल्टरसकट छोटा कॉम्प्रेसरच घ्यावा? वापरणाऱ्यांनी सांगा, विकणाऱ्यांनी नको.