जीडीबी हातानं चालतंय, आपोआप लागलं की एसईलिनक्स अडवतंय

खानापूरकर:
मंडळी, उद्यमबागेत एका युनिटात सीएनसी मशीनचा डेटा गोळा करायचा आमचा प्रोग्रॅम फेडोरा लिनक्सवर सर्व्हिस म्हणून चालतोय. रात्रपाळीत मधेच क्रॅश होतोय, म्हणून एबीआरटी (क्रॅशची माहिती आपोआप गोळा करणारं साधन) जीडीबी (डीबगर) लावून बॅकट्रेस, म्हणजे क्रॅशवेळी कुठली फंक्शनं चालू होती त्याची यादी, काढेल असं सेट केलंय (प्रोग्रॅम आरपीएम पॅकेजमधला नाही, त्यामुळं एबीआरटीच्या सेटिंगमध्ये प्रोसेसअनपॅकेज्ड यस करावं लागलं). पण बॅकट्रेसमध्ये फंक्शनच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, आणि वर नोटिस की जीडीबीला फाइल वाचायला एसईलिनक्सनं (लिनक्सचा जादा सुरक्षा-पहारा) मनाई केली. फाइल म्हणजे सिम्बॉलची (फंक्शनच्या नावांची) डीबग फाइल, ऑप्ट फोल्डरमध्ये प्रोग्रॅमशेजारीच हाय, परमिशन 644, म्हणजे वाचायला सगळ्यांना मुभा. आणि तीच कोअर (क्रॅशवेळच्या मेमरीची फाइल) मी टर्मिनलवर जीडीबीत उघडली की सगळी नावं दिसतात! मग अडवालंय कुणाला?

टिळकवाडी_बॉय:
सेटएनफोर्स 0 मार की भावा, एसईलिनक्स अडवायचंच थांबतंय, विषय संपला. आमच्याकडं सगळ्या मशीनवर तसंच हाय.

निपाणीकर:
थांबा, ते करू नका. 644 बघून उपयोग नाही, ती तपासणी झाल्यावर एसईलिनक्सची वेगळी होते, आणि तिथं कोण विचारतंय हे बघतात. टर्मिनलवरचं जीडीबी तुमच्या नावानं अनकन्फाइन्ड_टी ह्या डोमेनमध्ये (एसईलिनक्सनं प्रोग्रॅमला नेमून दिलेला गट) चालतं, त्याला सहसा कोण अडवत नाही. एबीआरटीनं लावलेलं जीडीबी मात्र एबीआरटी_टी मध्ये, आणि ते मुद्दाम आवळून ठेवलंय, कारण कोअरमध्ये प्रोग्रॅमची अख्खी मेमरी असते, पासवर्डसकट, आणि असल्या गोष्टी हाताळणारा प्रोग्रॅम रूटच्या ताकदीनं कुठलीही फाइल उघडू लागला तर अवघड. ऑसर्च -एम एव्हीसी -टीएस रिसेंट चालवून मनाईचा लॉग बघा आणि त्या फाइलवर एलएस -झेड करून लेबल (एसईलिनक्सनं फाइलीला लावलेली खूण) सांगा.

खानापूरकर:
लॉगमध्ये एससाँटेक्स्टला (विचारणारा) एबीआरटी_टी, टीकाँटेक्स्टला (फाइलीचं लेबल) ॲडमिन_होम_टी. पण फाइल तर ऑप्टमध्ये हाय, रूटच्या घरात नाही?

निपाणीकर:
सापडलं. सेटअप करणाऱ्यानं झिप रूटच्या होममध्ये उघडली असणार आणि तिथनं एमव्हीनं ऑप्टमध्ये ढकलली. एमव्ही केलं की जुनं लेबल तसंच येतं, सीपी केलं असतं तर नव्या जागेचं मिळालं असतं. रिस्टोरकॉन -आर -व्ही चालवा त्या फोल्डरवर, लेबलं जागेप्रमाणं लागतील, बास. ऑडिट2अलाउच्या (मनाईच्या लॉगवरनं परवानगीचा नियम बनवणारी कमांड) नादाला लागू नका, नोटिसीत तेच सुचवतंय म्हणून लोक डोळे झाकून चालवतात, पण त्यानं ह्या एका फाइलीला नाही तर ॲडमिन_होम_टी लेबलच्या सगळ्याच फाइलींना वाट मिळते. आणि अगदीच अडलं तर सेमॅनेज परमिसिव्ह -ए एबीआरटी_टी, म्हणजे तेवढाच एक डोमेन ढिला, बाकीचं शाबूत. काम झालं की -डी लावून काढायला विसरू नका.

खानापूरकर:
झालं की हो! लेबल यूएसआर_टी झालं, रात्री परत क्रॅश झाला आणि सगळी नावं आली. सिरीयल पोर्ट वाचायच्या फंक्शनमध्ये मरतोय. त्याचा वेगळा धागा टाकतो.

टिळकवाडी_बॉय:
निपाणीकर, एक विचारू? सेटएनफोर्स 0 लाइट जाऊन मशीन रिबूट झालं की टिकतंय काय?

निपाणीकर:
नाही. कॉन्फिगमध्ये एनफोर्सिंग असलं की परत चालू.

टिळकवाडी_बॉय:
तरीच.