रजेच्या अर्जासाठी जँगो की रिअ‍ॅक्ट?

खटपट्या: ऑफिसात रजेचा हिशेब एक्सेलमध्ये चालतो, त्याजागी वेब अ‍ॅप करायचंय. आम्ही तिघं. दोघांना पायथन येतं, तिसऱ्याला रिअ‍ॅक्ट (ब्राउझरमध्ये पडदा उभा करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी). मी म्हणतो जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅपचा तयार सांगाडा), पानं सर्व्हरवरूनच येऊ देत. तिसरा म्हणतो, "२००५ चं फ्रेमवर्क आज?"

गुंतवळ: मी तिसऱ्याच्या बाजूने. तारीख बदलली की शिल्लक रजा तिथल्या तिथे दिसायला हवी ना? मग जँगोच्या पानात थोडं जेक्वेरी (जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी) येतं, मग आणखी थोडं. असं एक अ‍ॅप मी निस्तरलंय: एका बटणावर तीन क्लिक हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड), तिन्ही वेगळ्या फाइलींत. रिअ‍ॅक्टमध्ये स्टेट (अ‍ॅपमधली चालू माहिती) बदला, स्क्रीन आपोआप बदलते.

जुनंखोड: रजेच्या अर्जाला रिअ‍ॅक्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ते फक्त पडद्याचं बघतं. राउटर (कुठल्या पत्त्याला कुठलं पान), लॉगिन, परवानग्या, एपीआय (सर्व्हरशी बोलायची सोय) सगळं तुम्हीच जमवायचं. वर "शिल्लक नसेल तर अर्ज नको" हा नियम दोनदा लिहा. सर्व्हरवर तर लागतोच, कारण ब्राउझरवर भरवसा ठेवता येत नाही. जँगोत मॉडेल (डेटाची रचना) लिहिलं की अ‍ॅडमिन पॅनेल (नोंदी बघायची-बदलायची पानं) जवळपास आयतं मिळतं. आणि शिल्लक आकड्यासाठी एचटीएमएक्स ही छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी आहे: तारखेच्या इनपुटला दोन-तीन अ‍ॅट्रिब्यूट, सर्व्हर तेवढ्याच तुकड्याचं एचटीएमएल परत पाठवतो.

वयाचं म्हणाल तर रिअ‍ॅक्टसारखंच पडद्याचं बघणारं अँग्युलरजेएस आलं २०१० ला, आणि २०१६ च्या अँग्युलर २ मध्ये जुना कोड चालेना. त्याच जातीच्या व्ह्यू २ चा सपोर्ट २०२३ अखेर संपला. जँगोच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्तीला तीन वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळतात.

गुंतवळ: अँग्युलरचं पाप रिअ‍ॅक्टच्या माथी कशाला? रिअ‍ॅक्टचे क्लास कंपोनंट (पडद्याचे भाग लिहायची जुनी पद्धत) आजही चालतात. आणि ते आयतं अ‍ॅडमिन! एचआरने "प्रत्येकाला फक्त आपला विभाग दिसू दे" म्हटलं की बसा ओव्हरराइड करत (तयार वागणूक आपल्या कोडने बदलत).

जुनंखोड: क्लास कंपोनंटचं मान्य. ओव्हरराइड मात्र चार ओळींचं असतं.

वाटसरू: लाराव्हेल?

खटपट्या: तिघांपैकी कुणालाच पीएचपी येत नाही.

वाटसरू: बरं. नेट नसताना अर्ज भरायचाय का? एचटीएमएक्सला प्रत्येक हालचालीला सर्व्हर लागतो.

खटपट्या: विचारलं. साइटवरच्या सहा जणांना तिथे रेंज नसते, पण ते परत आल्यावरच अर्ज टाकतात. मग उद्यापासून जँगो. तिसऱ्याला कॅलेंडरचं पान दिलंय, तेवढं रिअ‍ॅक्टमध्ये.

जुनंखोड: म्हणजे बिल्ड टूल (रिअ‍ॅक्टचा कोड ब्राउझरसाठी तयार करणारं साधन) आलंच की!