टाकायासूच्या फॉलोअपला दर वेळी पेट सीटी करायचं का?

बहिणीला टाकायासू आर्टरायटिस (मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा आजार) निघालाय, वय २६, डाव्या हाताची नाडी लागतच नाही. पेट सीटीत (सूज कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) महाधमनीला सूज दिसली, स्टेरॉइड चालू केलेत. आता दर वेळी पेटच का? रेडिएशनची फार काळजी वाटते. आम्ही कोथरूडला असतो.

>> ताई, माझ्या बायकोलाही हेच आहे. आमचे डॉक्टर फॉलोअपला एमआर अँजिओ (एमआरआयनं धमन्यांचे फोटो) सांगतात, त्यात रेडिएशन नाही आणि धमनीची भिंत जाड झालीय का, नळी कुठे अरुंद झालीय का दोन्ही कळतं. युलारच्या (युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांची संघटना) २०१८ च्या शिफारशींतही टाकायासूच्या निदानाला एमआरआयच पहिला आहे. एकदा रुमॅटॉलॉजिस्टना (संधिवाताच्या डॉक्टरांना) स्पष्ट विचाराच.

>> मी स्कॅन सेंटरला टेक्निशियन आहे. पेटमध्ये किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात, सूज असलेली भिंत ते जास्त ओढते म्हणून चमकते, त्यासाठीच उपाशीपोटी बोलवतो. पण स्टेरॉइड चालू झाले की चमक लवकर उतरते, तेव्हा नुसती चमक गेली म्हणून कुणी गोळ्या मनानं बंद करू नका, प्लीज. गळ्याच्या धमन्यांना डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) चांगली, छातीतली महाधमनी मात्र त्यात नीट दिसत नाही.

>> आणि सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं तरी स्कॅन टाळू नका, आतून आजार चालू असू शकतो. जुन्या स्कॅनच्या सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नको, तुलना फोटोंचीच होते.