मदत हवी आहे: बाबांच्या वयाचा पुरावा, अडकलेली जन्मनोंद आणि श्रावणबाळचा अर्ज

मंडळी, महसूल खात्याच्या किंवा आधारच्या कामात मुरलेलं कोणी इथे असेल तर कृपया पूर्ण वाचा. डोकं तापलेलं असताना लिहितोय, तेवढं सांभाळून घ्या.

गाव अमरावती जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. बाबा साधारण १९५६ चे. जन्म घरीच झाला आणि शाळेत कधी गेले नाहीत, म्हणजे टीसीचा प्रश्नच नाही. गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा ऑपरेटरने तोंड पाहून ०१/०१/१९६४ टाकून दिलं. (आमच्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जानेवारीला असतो.) त्यामुळे सत्तरीच्या आसपासचा माणूस आधारवर अजून पासष्टीचा झालेला नाही. श्रावणबाळला, म्हणजे गरीब म्हाताऱ्यांच्या सरकारी पेन्शनला, ६५ वर्षं पूर्ण लागतात. दीड एकर कोरडवाहू आहे, २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला मिळालाय, अडलंय ते फक्त वयावर.

सेतूवाला म्हणतो आधारची तारीख दुरुस्त करा. आधार केंद्रवाला म्हणतो जन्माचा दाखला आणा. ग्रामपंचायतीने नोंद नसल्याचं अनुपलब्धता प्रमाणपत्र मात्र हसतमुखाने दिलं. वर्षापेक्षा जुना जन्म नोंदवायचा तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३(३) प्रमाणे आदेश लागतो. हे काम आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर महसूलकडे आलं. आम्हाला वाटलं, चला, कोर्टाचा खर्च वाचला.

कशाचं काय. बांगलादेशी घुसखोरांनी विलंबित नोंदीवर दाखले काढल्याचे आरोप झाले, त्यात अकोला-अमरावतीचंही नाव आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने ही प्रक्रियाच थांबवून एसआयटी (विशेष तपास पथक) नेमली. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली. आता जाहीर नोटीस, स्थानिक चौकशी, पोलिसांचा अहवाल, आणि सगळ्यात आधी पुरावा. म्हणजे ज्याच्याकडे पुरावा नाही म्हणून जो दाखला मागतोय, त्यानेच आधी पुरावा आणायचा.

घुसखोर सापडले तर हाकलाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण ज्याच्या आज्याचं नाव याच गावच्या फेरफारात आहे त्याला "तुमचा जन्म नक्की कुठला?" असं दरडावून विचारायचं? जुन्या काळी गावातले जन्म कोतवाल बुकात लिहिले जायचे, म्हणून बाबा तिथे एवढंच म्हणाले, "साहेब, त्या टायमाचा कोतवाल मेला, त माहा काय गुन्हा?" रांगेत आमच्या मागे गावातलेच एक मुस्लिम चाचा होते. त्यांची तर पिशवीभर कागदं असूनही जास्तच उलटतपासणी झाली. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेला माणूस, मान खाली घालून उभा होता. खोटे दाखले विकणारे दलाल या रांगेत कशाला उभे राहतील?

कोतवाल बुकाची नक्कल मागितली, तर त्या सालचं पान वाळवीने खाल्लंय असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी द्या म्हटलं की साहेब मीटिंगला. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीच्या कामासाठी हीच जुनी दप्तरं उघडली, कुणबी नोंदींची पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढली. मनात आणलं तर होतं, हे तेव्हाच दिसलं. मग उरलेली पानं स्कॅन करायला पैसा नाही असं कसं? पवनार ते पत्रादेवी शक्तिपीठ महामार्गाचा मूळ आराखडा ८०२ किलोमीटरचा आणि अंदाज ८६,३०० कोटींचा होता. आमच्या गावात धड असलेल्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसले आणि वर कमानही उभी राहिली. २०२४ च्या निवडणुकीआधी बायकोचा लाडक्या बहिणीचा अर्ज भरला, तर पैसे पटकन जमा. त्याला नावं ठेवत नाही, घरातलं तेलमीठ त्यातच येतं. पण महिना १,५०० तिकडेही आणि १,५०० श्रावणबाळलाही, मग म्हाताऱ्यालाच एवढी चाळणी का?

भाषेचंही तेच. आधारची दुरुस्ती नाकारल्याचा मेसेज इंग्रजीत आला. तो घेऊन बाबा मोबाइलच्या दुकानात गेले, त्या पोराने वाचून दाखवायचे वीस रुपये घेतले. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ चा, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिल २०२५ मध्ये निघाला, त्यावर राज्यभर रान उठलं आणि २९ जूनला मागे घेतला. ते बरंच झालं. पण शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद कोणत्या भाषेत आहे, यावर मात्र कोणी मोर्चा काढताना दिसत नाही.

आता मला नेमकं काय हवंय ते सांगतो. श्रावणबाळच्या कागदपत्रांत वयासाठी जन्मनोंदीचा उतारा किंवा टीसी यांच्याबरोबरच शिधापत्रिकेतला किंवा मतदार यादीतला वयाचा उतारा चालतो, आणि ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा वयाचा दाखलाही चालतो. सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं म्हटलंय. हे सेतूत सांगितलं तर "पोर्टल घेत नाही" एवढंच ऐकायला मिळतं. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, कुठेही असो, आधारवर वय कमी असताना रुग्णालयाच्या दाखल्यावर कोणाची श्रावणबाळ मंजूर झाली आहे का? तहसीलमध्ये ऑफलाइन अर्ज द्यावा लागला का, आणि तिथल्या संजय गांधी शाखेने (निराधार योजनांचं काम बघणाऱ्या) तो कोणत्या नियमाखाली घेतला?

दुसरं, १९९५ च्या मतदार यादीत बाबांचं वय ३९ आहे. त्याची प्रमाणित प्रत कलम १३(३) च्या चौकशीत पुरावा म्हणून कोणी लावली आहे का? की फक्त कोतवाल बुकच मागतात?

तिसरं, आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते म्हणतात. रुग्णालयाच्या दाखल्यावर वर्ष मांडलं आणि पुढे जन्मनोंदीच्या आदेशात वेगळं आलं तर कायमचे अडकू का? म्हणून आधी कशाला हात घालावा ते सांगा.

कोतवाल बुकाबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकतोय: त्या सालचं बुक उपलब्ध आहे का, नसेल तर कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट झालं. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र 'अ' भरलंय. शब्दरचनेत काही बदल हवा असेल तर सुचवा, सोमवारी देणार आहे.

नंतर जोडलं: "एजंटला दोन हजार द्या, काम होतं" असा सल्ला दोघांनी दिला. आभार, पण तसा दाखला उद्या रद्द झाला तर गुन्हा बाबांवर दाखल होईल, एजंटवर नाही. आधारच्या १९४७ या हेल्पलाइनवर फोन करा म्हणणाऱ्या ताईंचे खास आभार. तिथे मराठीत बोलले, पण दाखला लागेलच हेच सांगितलं. वर विचारलेल्या तीनपैकी एकाचंही उत्तर स्वतःच्या अनुभवातून देता येत असेल तर तालुका कोणता तेवढं नक्की लिहा.