शेकोटीच्या जोडीला बर्फावरची खूण

बर्फात अडकल्यावर शोधणाऱ्यांना दिसावं म्हणून मोठी शेकोटी करून धूर काढावा, असं सांगितलं जातं आणि ते मला पटतं. फक्त ती थेट बर्फावर पेटवू नका. खालचा बर्फ वितळतो आणि जाळ त्यातच विझतो. आधी ओल्या लाकडाचे जाड ओंडके शेजारी शेजारी रचा आणि त्यांच्यावर शेकोटी पेटवा. बर्फाने लगडलेल्या झाडाखाली तर मुळीच नको.

माझा जास्त भर मात्र जमिनीवरच्या खुणेवर आहे, कारण तुम्हाला झोप लागली तरी ती दिसत राहते. मोकळ्या जागी बर्फ तुडवून इंग्रजी व्ही काढा: विमानातून शोधणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ 'मदत हवी'. कुणी जखमी असेल तर एक्स. अक्षर निदान अडीच मीटरचं, जमेल तितकं मोठं. चर खोल असू द्या. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, कडेची सावली चरात पडते आणि अक्षर उठून दिसतं. त्यात गडद हिरव्या फांद्या अंथरल्या तर उत्तमच. मात्र घाम फुटेल इतकं राबू नका, ओले कपडे थंडीत जिवावर बेततात.

शिट्टी असेल तर मिनिटात 6 वेळा वाजवा, मग मिनिटभर थांबा आणि पुन्हा सुरू करा. मोबाईल आतल्या खिशात अंगाशी ठेवा, गारठ्यात बॅटरी लवकर उतरते.